अ‍ॅबरलेम्नोची क्रूसशिळा नीट पाहायची तर

मुलांकडे राहायला म्हणा किंवा कामानिमित्त म्हणा, स्कॉटलंडला येणार असाल आणि अ‍ॅबरलेम्नोचे कोरीव दगड पाहायचं मनात असेल, तर तिकिटं काढण्याआधी महिने बघा. एप्रिल ते सप्टेंबर एवढाच यांचा हंगाम. ऑक्टोबर लागला की दगडांवर लाकडी पेट्या चढतात, त्या मार्चअखेरपर्यंत निघत नाहीत. नाताळच्या सुट्टीत आलात तर चर्चच्या आवारात उभं लाकडी कपाट तेवढं दिसेल. पेटी का घालावी लागते, याचं उत्तर दगडाच्या जातीत आहे.

गाव अँगस भागात, फॉरफर ते ब्रीखिन या बी ९१३४ रस्त्यावर, फॉरफरपासून साधारण १० किलोमीटरवर. फॉरफरला आता रेल्वे नाही, त्यामुळे गाडी हाताशी असलेली बरी. रस्त्याच्या कडेलाच काही दगड उभे दिसतात आणि बरेच जण तिथेच फोटो काढून पुढे निघतात. तसं करू नका. सर्वांत बोलका दगड तिथून पाच-सात मिनिटांच्या चालीवर, चर्चच्या आवारात थडग्यांमध्ये उभा आहे. आधी तिकडे जा आणि रस्त्यावरचे परतताना पाहा.

हे दगड पिक्ट लोकांचे. फोर्थच्या खाडीच्या उत्तरेला, आजच्या पूर्व आणि उत्तर स्कॉटलंडमध्ये, नवव्या शतकापर्यंत त्यांची राज्यं होती. १९०३ साली अ‍ॅलन आणि अँडरसन या अभ्यासकांनी या दगडांचे तीन वर्ग पाडले, ते आजही वापरात आहेत. पहिल्या वर्गात न घडवलेल्या दगडावर नुसती चिन्हं. दुसऱ्यात घडवलेल्या शिळेवर क्रूस आणि चिन्हं दोन्ही. तिसऱ्यात क्रूस आहे, चिन्हं नाहीत. काळाचा क्रम म्हणून हे वर्ग आता कोणी काटेकोरपणे धरत नाही, पण बोलायला सोयीचे आहेत. अ‍ॅबरलेम्नोत पहिले दोन वर्ग एका फेरीत पाहून होतात.

चर्चच्या आवारातली शिळा दुसऱ्या वर्गातली. उंची सुमारे २.३ मीटर, बुंध्याशी रुंदी १.३ मीटरच्या आसपास, वर निमुळती होत गेलेली, जाडी साधारण २० सेंटिमीटर. जमिनीवरच्या भागाचंच वजन सव्वा टनाच्या घरात जाईल. दगड इथलाच, तांबूस-करडा जुना वालुकाश्म. हा थराथरांनी बनलेला असतो. थराच्या रेषेत पाचर मारली की सपाट, रुंद फळी सुटते, म्हणून एवढी मोठी शिळा मिळाली. आणि त्याच थरांमधून पाणी आत शिरतं, गोठलं की फुगतं आणि पापुद्रा उचलतो. कारागिराला उपयोगी पडलेला गुणच आज दगडाच्या मुळावर उठला आहे. हिवाळ्यातली पेटी त्यासाठी: दगड कोरडा राहावा, म्हणजे रात्री गोठणं आणि दुपारी वितळणं या फेऱ्यांत फोडायला आत पाणीच नसावं.

काम कसं झालं असेल ते पिक्टांच्या दगडांवर उरलेल्या खुणांवरून बऱ्यापैकी सांगता येतं. जात्याला टाकी लावतात तसे लोखंडी टोच्याचे घाव मारून आधी पृष्ठभाग समतल करायचा, मग वाळू-पाण्याने घासायचा. त्यावर आखणी. गाठींची नक्षी हाताच्या अंदाजाने येत नाही. ठिपक्यांची जाळी आखून दोरा त्यातून फिरवावा लागतो, अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. मग आकृतीभोवतीची जमीन खोल करत न्यायची. पुढच्या बाजूचा क्रूस चांगलाच उठावदार आहे, म्हणजे सगळ्या शिळेवरून तेवढा दगड टिपून काढून टाकलेला आहे. मागच्या बाजूचा उठाव अगदी उथळ. दोन्ही बाजू एकाच वेगाने, एकाच नजरेने पाहिल्या तर मागची निम्मी हातची जाते.

पुढून सुरुवात करा. क्रूसाच्या चार बाहूंना जोडणारं कडं आहे, आणि अंगभर गुंफण. एक दोरा निवडा आणि नजरेने त्याच्या मागे जा: एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून. हा क्रम मोडला तर एक तर कारागीर चुकलाय किंवा मधला पापुद्रा गेलाय, आणि बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं. क्रूसाच्या दोन्ही अंगांना एकमेकांत गुंतलेले, एकमेकांना चावणारे प्राणी आहेत. उजवीकडे खाली समोरासमोर उभी असलेली समुद्रघोड्यांची जोडी आवर्जून शोधा. अशी जनावरं त्या काळच्या सुशोभित बायबलच्या हस्तलिखितांतही सापडतात. दगड घडवणारे आणि चर्मपत्रावर रंगवणारे एकाच जगातले होते. शिळेच्या वरच्या भागात आरपार एक भोक आहे, ते नंतरच्या काळात पाडलेलं; मूळ रचनेत त्याला जागा नाही.

आता मागे जा आणि इथे वेळ घालवा. सगळ्यात वर दोन चिन्हं: खाच पाडलेला आयत आणि त्यावरून गेलेली झेड आकाराची मोडकी दांडी, शेजारी मोठी चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन छोट्या चकत्या, म्हणजे वरून पाहिलेला कड्यांचा हंडाच. ही चिन्हं नेमून दिलेल्या थोड्याच आकारांतून पुन्हा पुन्हा येतात आणि बहुधा जोडीने येतात, म्हणून ती व्यक्तींची नावं असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. तरी ती कोणी वाचलेली नाहीत.

चिन्हांखाली लढाई. नऊ माणसं, पाच घोडे, एक पक्षी, तीन ओळींत. वीरगळ पाहिलेली आपली नजर सवयीने खालून वर जाते. इथे वरून खाली या. वरच्या ओळीत एक घोडेस्वार दुसऱ्याचा पाठलाग करतोय, आणि पळणाऱ्याची ढाल-तलवार सुटून पडली आहे. मधल्या ओळीत शिरस्त्राण घातलेला एक स्वार तीन पायदळी माणसांवर चालून येतोय. हे तिघे म्हणजे कवायतीचा धडाच आहे. पहिल्याच्या हाती तलवार आणि मध्ये गाठ असलेली गोल ढाल. दुसऱ्याने लांब भाला दोन्ही हातांनी धरलाय, त्यामुळे त्याची ढाल खांद्यावरून पट्ट्याला लटकते. भाल्याचं टोक पहिल्याच्याही पुढे निघालंय, म्हणजे घोडा तलवारीपाशी पोचायच्या आतच भाल्यावर येणार. तिसरा भाला उभा धरून राखीव. घोडदळ पायदळाने कसं अडवायचं हे माहीत असलेल्या माणसाने सांगितल्याशिवाय असं कोरलं जात नाही. खालच्या ओळीत दोन स्वार समोरासमोर, आणि उजव्या कोपऱ्यात शिरस्त्राण घातलेला एक जण पडलाय. पक्षी त्याच्या तोंडाशी चोच घालतोय.

शिरस्त्राणांकडे लक्ष ठेवा. एका बाजूची माणसं बोडकी, केस मोकळे. दुसऱ्या बाजूची नाकावर पट्टी येणाऱ्या टोपातली. असाच आठव्या शतकातला टोप १९८२ साली यॉर्कमध्ये सापडला. यॉर्क तेव्हा दक्षिणेकडच्या, आजच्या उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाच्या राज्यात. म्हणून टोपवाले नॉर्थम्ब्रियाचे, बोडके पिक्ट, हा अर्थ पटतो. २० मे ६८५ रोजी नॉर्थम्ब्रियाचा राजा एगफ्रिथ पिक्टांचा राजा ब्रिडे याच्याशी लढताना मारला गेला, आणि त्या लढाईची जागा म्हणून दाखवलं जाणारं डनिखन इथून काही किलोमीटरवर आहे. त्यामुळे माहितीफलक, पुस्तकं, वाटाडे सगळे सांगतात की कोपऱ्यात पडलेला तो एगफ्रिथच. इथे जरा थांबावं. कोरीवकामाच्या शैलीवरून शिळा आठव्या शतकाच्या मध्याची किंवा त्याहूनही नंतरची धरतात, म्हणजे लढाईनंतर दोन-तीन पिढ्या तरी गेलेल्या. शिवाय लढाई डनिखनला झाली नाही, उत्तरेकडे बॅडनॉखमधल्या डनाख्टनला झाली, असंही मत २००६ पासून जोरात मांडलं गेलं आहे. नॉर्थम्ब्रियाशी झालेल्या लढाईची आठवण, इथपर्यंत मान्य करायला हरकत नाही. मेलेल्या माणसाला नाव देणं ही पुढची उडी आहे.

पाहायचं कसं? भर ढगाळ दुपारी समोर उभं राहून मागची बाजू सपाट दिसते, आणि लोक ‘सगळं झिजलंय’ म्हणून निघतात. उथळ कोरीवकामाला आडवा प्रकाश लागतो. सूर्य शिळेच्या कडेच्या रेषेत आला की किरणं पृष्ठभागाला घासून जातात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या कडेचीही सावली पडते. तेवढी वेळ साधली नाही तर टॉर्च वापरा: दगडापासून हातभर दूर, पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांच्या कोनात, आधी डावीकडून, मग वरून. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे टॉर्चला अंधार हवा असेल तर सप्टेंबरची संध्याकाळ सोयीची. दिवसा गडद छत्रीची सावली धरूनही काम भागतं. कॅमेऱ्याचा समोरून मारलेला फ्लॅश सावल्या पुसतो, तो बंदच ठेवा. पावसानंतर लगेच पाहू नका. दगड जागोजागी कमी-जास्त ओला असतो आणि ते डाग कोरीवकामासारखे फसवतात. त्रिमितीय प्रतिमा करायची असेल तर उलट: ढगाळ दिवस, टॉर्च नाही, शेजारच्या फोटोशी ७०-८० टक्के भाग जुळेल असे एका बाजूचे ६०-८० फोटो, आणि चौकटीत एक मोजपट्टी.

हात लावायचा मोह होतो. लावू नका, वालुकाश्माचे कण बोटालाही सुटतात. दगडफूल वाढलेलं दिसेल, तेही खरवडू नका. त्याची मुळासारखी धाग्यांची पकड कणांच्या मध्ये गेलेली असते, ते ओढलं की वरचा थर घेऊन येतं. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू भरणं आणि कागद लावून मेणाने ठसा घेणं हे पूर्वी सर्रास चालायचं. खडू भरताना रेषा कुठून जाते हे भरणाराच ठरवतो आणि फोटोत त्याचा अंदाज दगडाचा होऊन बसतो. १९७९ च्या कायद्याने असे दगड संरक्षित आहेत, नुकसान करणं गुन्हा आहे. शिवाय चर्चचं आवार आहे, थडग्यांवरून चालू नये.

परतताना रस्त्यावरचे दगड. माणसाच्या उंचीच्या ओबडधोबड दगडावर साप, जोडचकती आणि झेड-दांडी, आरसा आणि फणी. याच्या मागच्या बाजूला खाली वाटीसारखे खळगे आहेत, ते पिक्टांच्याही फार आधीचे. जवळच सुमारे २.८ मीटर उंचीची क्रूसशिळा: पुढे मान झुकवलेले, हाती ग्रंथ घेतलेले देवदूत, मागे शिकार.

हे सगळं आत का नेत नाहीत, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. फॉरेसजवळची साडेसहा मीटरची स्वेनोची शिळा जागेवरच काचेच्या खोलीत बंद केली. दगड वाचला, पण काचेतल्या प्रतिबिंबांतून तो पाहणं कष्टाचं झालं. आमच्या मते पेटीचा मार्ग बरा, कारण सहा महिने का होईना, खरा प्रकाश खऱ्या दगडावर पडतो. पण पेटी ऊन-पाऊस-वाऱ्याला उरलेल्या सहा महिन्यांत थांबवत नाही, हेही खरं.

हिवाळ्यातच येणं होणार असेल तर एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात हिल्टन ऑफ कॅडबॉलची शिळा पाहा, ती वर्षभर दिसते. तिची क्रूसाची बाजू सतराव्या शतकात तासून टाकली आणि तिथे १६७६ सालचा थडग्याचा मजकूर कोरला. त्या तासलेल्या नक्षीच्या हजारो ढलप्या पुढे मूळ जागेच्या उत्खननात निघाल्या. दुसरी बाजू शाबूत आहे. तिथे शिकारीच्या वर, घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसलेली एक बाई आहे, आणि तिच्या शेजारी आरसा आणि फणी.