हवेची मॅट आणि सतरा दिवस

रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून, डिसेंबरात. दोन मुक्काम, सगळं पाठीवर. झोपताना खाली अंथरायची जुनी फोमची कॅरीमॅट सॅकला बाहेरून आडवी बांधली की करवंदीच्या जाळीत अडकते आणि मागचा माणूस शिव्या घालत ती सोडवतो. म्हणून यंदा हवेची घ्यायची ठरवली, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होणारी.

निवडायला एक संध्याकाळ पुरली. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबून सपाट होते, त्यामुळे जमिनीचा गारठा अडवायला मॅटच लागते. ती किती अडवते ते आर-व्हॅल्यूवरून कळतं, आकडा मोठा तितकी मॅट उबदार. घडीच्या चांगल्या फोम मॅटची २ च्या आसपास, निओएअर एक्सलाइट या हवेच्या मॅटची ४ च्या वर. एक्सलाइट खिशाला झेपेना, म्हणून ऑनलाइन एक स्वस्तातली मागवली. वजन ४८० ग्रॅम म्हणे. आर-व्हॅल्यू कुठे छापलेलीच नव्हती. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं, कारण आत नुसती हवा असेल तर ती आतल्या आत फिरते आणि पाठीची ऊब जमिनीला देऊन टाकते.

पहिल्या रात्री हॉलमध्ये अंथरून झोपलो. पहाटे तीनला कंबर फरशीला टेकली.

कस्टमर केअरने आधी फोटो मागितला. मग, "सर, हवा कुठून जाते ते दिसेल असा व्हिडिओ पाठवा." सहा फुटांची मॅट बादलीत बुडवून दाखवा कोणीतरी. गच्चीवर साबणाचं पाणी फासून तासभर उकिडवा बसलो, काही दिसेना. शेवटी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने ट्यूब फिरवावी तशी मॅट हातभर हातभर टपातून सरकवली. व्हॉल्व्हच्या मुळाशी मोहरीएवढे बुडबुडे, एकेक, सावकाश. "दादा, पंक्चर नाही हे. जोड सुटलाय." पैसे घेईना.

व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, त्यात ऑर्डर नंबर दिसत नाही. परत टपाशी. या वेळी पंक्चरवाल्याच्या पोराने कागदावर नंबर धरला. मग उत्तर, "हे वापरामुळे झालेलं नुकसान आहे." एक रात्र झोपलोय, तेही घरात! फरशीला काटे असतात का, असं मी खरंच लिहून विचारलं. सहा दिवस शांतता. एकूण सतरा दिवस, अकरा मेल. बदली मॅट आली सोमवारी. आम्ही ट्रेक संपवून गडाखालच्या पाचनईला उतरलो होतो रविवारी.

म्हणजे ट्रेक जुन्या कॅरीमॅटवरच झाला. फक्त निघायच्या आदल्या रात्री रागारागात तिला कात्री लावली, खांद्यापासून मांड्यांपर्यंत लांबी ठेवली. पायांखाली रिकामी सॅक. उरलेला तुकडा १९० ग्रॅम भरला आणि गुंडाळून सॅकच्या आत गेला. गडावर कातळ गार होता, कूस बदलताना हाडं बोलली, पण झोप लागली. आणि काटा रुतला तरी फोमचं काही बिघडत नाही.

हो, वजन घरच्या काट्यावर करा. ती ४८० ग्रॅमवाली पिशवी आणि पॅचसकट ५६० भरली होती. आणि तोंडाने फुगवू नका, श्वासातली वाफ आत साचते. पंपाची पिशवी मिळते ती घ्या. हिमालयात बर्फावर झोपायचं असेल तर खाली फोम, वर हवेची. दोन्हींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते.

बदली मॅट माळ्यावर टाकली होती. परवा मावसभाऊ मुक्कामाला आला, त्याला दिली. सकाळी चहा पिताना म्हणाला, "पंप आहे का रे तुझ्याकडे?"