टाका शाबूत, कापड फाटलं

"ताई, शिलाई पक्की आहे हो, कापडच गेलं."

आज दुरुस्तीला परत आलेली खणाची पिशवी. बंदाजवळचा एकही टाका उसवलेला नाही. त्याच्या कडेचं कापड मात्र सरळ रेषेत फाटलंय, पावतीपुस्तकातली पावती भोकांवरून फाटावी तसं.

मजबुतीसाठी टाका बारीक ठेवला की हेच होतं. सुईची भोकं जवळजवळ पडतात आणि सगळं वजन त्याच ओळीवर येतं. खण मुळात चोळीचं कापड, ५ किलो बटाटे उचलायला ते विणलेलंच नाही.

हे टाळायला बंदाचं टोक १ इंच आत दुमडायचं, पिशवीच्या काठाखाली दीड इंच उतरवायचं, मागे कॅनव्हासचा २ इंची चौकोन ठेवायचा. मग चौकोनी शिलाई आणि मध्ये फुली. टाका ३ मिलिमीटर, सुई १६ नंबर.

कॅनव्हासचा तो तुकडा गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून किंमत उतरवायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते, याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही बंदामागे काय लावता?