"ही तर पाणी घातल्यासारखी दिसतेय"

इटलीत पिएमॉन्तेमधल्या अल्बा गावात एका रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिसला होतो तेव्हाचा किस्सा. ऑक्टोबर, पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी) सीझन, पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी आणि मला नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झालेले. सात नंबरच्या टेबलावरच्या जोडप्याने बारोलो नावाची रेड वाइन मागवली, सेर्रालुंगा गावची, 2013 ची. मी ऐटीत कॉर्क काढून थोडी ओतली, साहेबांनी ग्लास दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "ही तर पाणी घातल्यासारखी दिसतेय."

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. महागातली रेड वाइन म्हणजे जांभळासारखी काळीभोर असणार हे डोक्यात फिट्ट बसलेलं, आणि इथे ग्लासातून पलीकडचा मेन्यू वाचता येत होता, कडेला तर चक्क विटकरी झाक. म्हणलं गेली ही बाटली. सॉरी सॉरी करत उचलली आणि आत आलो.

आमची हेड सोमेलिए, म्हणजे वाइनचं सगळं बघणारी, साठीच्या घरातली बाई, तिने एकच विचारलं, "चाखून बघितलीस का?"

नव्हती बघितली. तिने घोटभर ओतून ग्लास माझ्या हातात दिला. नाकाशी नेला तर आधी गुलाब, ताजा नाही, वहीत ठेवून सुकलेला, आणि त्याच्या मागून डांबर. हो, रस्ता करताना येतो तोच वास, पण इथे तो हवाहवासा वाटत होता, कसं सांगू. तोंडात आधी आंबट चेरी आणि मग जो तुरटपणा चढला, हिरडा चघळल्यासारखा, गाल आतून दातांना चिकटले. पातळ म्हणे!

ट्रे भरता भरता तिने सांगून टाकलं की बारोलो फक्त नेबिओलो द्राक्षाची, तीही ठरलेल्या 11 गावांतलीच. या द्राक्षाच्या सालीत रंग कमी आणि आहे तोही लवकर उतरतो, तुरटपणा आणणारं टॅनिन मात्र भरपूर, म्हणून तर नियमानेच निदान 38 महिने थांबवायची, त्यातले 18 लाकडात. त्यात सेर्रालुंगाची जास्तच कडक, ला मोर्रा गावची त्या मानाने मऊ. रंगावर जाणारा माणूस इथे हमखास फसतो, मी तर फसलोच होतो.

मला वाटलं आता बाई बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला लेक्चर देणार. अजिबात नाही. "मुलाने घाई केली, हिला जरा हवा लागू द्या," एवढंच बोलली (सगळं माझ्यावर ढकललं, पण चूक माझीच होती), वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागायच्या काचेच्या सुरईत, ओतली आणि सोबत ब्रासातो घ्या म्हणून सुचवलं. ब्रासातो म्हणजे बारोलोतच तासनतास शिजवलेलं बीफ. मांसातलं प्रोटीन आणि चरबी तो तुरटपणा ओढून घेतात, रिकाम्या पोटी ही वाइन म्हणजे भांडणच.

तासाभराने मी मुद्दाम त्या टेबलाजवळून दोनदा गेलो. साहेब वाइनबद्दल काही बोलत नव्हते, पण बायकोचा अर्धा ग्लास हळूच स्वतःकडे ओढलेला होता.

निघताना डिकँटरच्या तळाशी दोन बोटं वाइन ठेवून मला म्हणाले, "ही पाणी घातलेली तुझ्यासाठी." मी खूश. त्यांना कोट देऊन, दारापर्यंत सोडून परत येतो तर डिकँटर रिकामा, आणि हेडबाई शांतपणे ओठ पुसत होत्या.