अभ्यास होता की सहल? तुम्ही विचारलंत म्हणून

उन्हाळाभर युरोपात शाश्वत शहरं बघत होतात, तो अभ्यास होता की सहल? आणि पर्यावरण शिकायला विमानाने गेलात? हे दोन प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की आता एकदाच नीट सांगते.

विमानाचं आधी. हो, विमानाने गेले. डेन्मार्कच्या कोपनहेगनहून स्वीडनमधल्या माल्मोला पुलावरून, तिथून जर्मनीतल्या फ्रायबुर्गपर्यंत गाड्या बदलत, तिथला सगळा प्रवास रेल्वेने केला, हे मी पूर्वी आवर्जून ऐकवत असे. आता नाही ऐकवत. त्या एका विमानफेरीचा हिशेब त्याने फिटत नाही, आणि ते मला निघण्याआधीही माहीत होतं.

पण सहल म्हटलं की मला लागतं. फ्रायबुर्गच्या फाउबान या वस्तीत, १९९२ साली फ्रेंच सैन्य गेल्यावर मोकळ्या झालेल्या बराकींच्या जागेवर, मी दिवसचे दिवस फिरले. तिथे बहुतेक गल्ल्यांत घरासमोर गाडी ठेवता येत नाही. गाडी असेल तर वस्तीच्या कडेच्या गॅरेजात जागा विकत घ्यायची, नसेल तर तसं लिहून द्यायचं. माल्मोच्या आउगुस्टेनबोर्ग या वस्तीत, जिथे पूर्वी पावसात तळघरं तुंबायची, तिथे पाणी आता उघड्या पन्हळींतून अंगणातल्या तळ्यांकडे जातं. भर पावसात त्या पन्हळींच्या मागोमाग चालत मी नकाशा काढला. सहलीला आलेलं माणूस हे करत नाही.

हे म्हणताना मला कोपनहेगनची एक सकाळ आठवते, आणि मग आवाज खाली येतो.

नोरेब्रोगाडे या रस्त्यावरून शहरात येणाऱ्या सायकली राणी लुईसच्या पुलावर मोजायच्या होत्या. दर दहा मिनिटांचा एक रकाना. तिथले सिग्नल सकाळी शहराकडे येणाऱ्या सायकलींसाठी ताशी २० किलोमीटरच्या वेगाला जुळवलेले आहेत. त्या वेगाने गेलं की हिरवा दिवा मिळत जातो. त्यामुळे सायकली सुट्ट्या येत नाहीत, जथ्याने येतात. हे मी वहीत लिहिलं होतं. रस्त्याचा छेदही काढला होता: पदपथ, मग चार बोटं खाली सायकलमार्ग, मग आणखी चार बोटं खाली गाड्यांचा रस्ता. आणि खाली एक वाक्य लिहिलं होतं, 'इथल्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे.'

सव्वाआठच्या सुमारास मला पूल आणि दोन्ही बाजूंची तळी एका फोटोत हवी होती. मी एक पाऊल मागे घेतलं. टाचेखाली ती चार बोटांची पायरी गेलेली मला कळलीसुद्धा.

पुढे पेटी असलेली सायकल घेऊन एक बाई येत होती, पेटीत दोन मुलं. थांबताना तिथे आधी हात वर करतात. तिला तेवढाही वेळ मिळाला नाही, तिने करकचून ब्रेक दाबला. मागचे गृहस्थ तिला चुकवायला गेले आणि हातावर पडले. कुणीतरी आपली सायकल आडवी लावून मागचा जथा थोपवला. ते कठड्याला टेकून बसले. मनगट माझ्या डोळ्यांदेखत सुजत होतं. मी माफी मागत राहिले. ते इंग्रजीत एवढंच म्हणाले, "मी रोज इथून कामाला जातो." मग एका हाताने सायकल ढकलत निघून गेले. त्यांच्या हाताचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

रक्तातच सायकल! साठच्या दशकात तेच शहर मोटारींनी भरत चाललं होतं. १९७३च्या तेलसंकटानंतरच्या वर्षांत माणसं सायकलमार्ग मागायला रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे चित्र पालटत गेलं. हे सगळं मी वाचून गेले होते आणि तरीही ते वाक्य लिहिलं, कारण समोर देखावा दिसत होता. पुलावर वही घेऊन उभ्या असलेल्या तेव्हाच्या मला आज मी विचारते, तू काय बघत होतीस? ती म्हणते, मोजत तर होते ना. खरंय, मोजत होती.

आता उरलेलं. आठ दहा ते आठ वीसचा रकाना माझ्या वहीत कोरा आहे. अहवालात तो कोरा नाही. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरासरी काढून मी तो भरला, कुणालाही न सांगता. आलेखात तिथे रेघ अगदी सरळ जाते, आणि तो छान आलेख आहे असं मला सांगण्यात आलं.

२०२५पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचं, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडला जातो तेवढा भरून काढण्याचं, लक्ष्य गाठता येणार नाही, हे कोपनहेगनने २०२२मध्ये स्वतःहून मान्य केलं. ती बातमी वाचली त्या रात्री मी अहवाल पुन्हा उघडला. दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. 'एक सायकलस्वार पडल्यामुळे' असं लिहिलं, खोडलं. 'माझ्यामुळे' असं लिहिलं. पत्र अजून पाठवलेलं नाही.