जरीला तरी लागतंच ना, बाई?

नववीचा इंग्रजीचा गृहपाठ तपासत होते. 'ऑल्दो', म्हणजे 'जरी', वापरून एक वाक्य करा, एवढंच दिलं होतं. 38 वह्यांपैकी 31 वह्यांत एकच चूक. आधी ऑल्दो आणि स्वल्पविरामानंतर बट. एकमेकांचं पाहून लिहिलं म्हणावं, तर वाक्यं निरनिराळी. कुणाचा पाऊस, कुणाची म्हैस, कुणाचा ताप. बट मात्र सगळ्यांचा.

राहुरीकडची मराठी माध्यमाची शाळा. चौदा वर्षं मी हा बट लाल पेनाने खोडत आले आहे. त्या दिवशीही वर्गात शिरताना म्हणाले, "ऑल्दो आला की बट नको, किती वेळा सांगायचं?" दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"पण बाई, जरीला तरी लागतंच ना? नाहीतर वाक्य लंगडतं."

मी फळ्यावर लिहिलं : जरी पाऊस होता, तरी आम्ही शाळेत गेलो. तरी पुसला आणि वाचलं. खरंच लंगडलं. मग मुलंच सांगू लागली. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं, जो-तो. आपल्याकडे ज आला की त्याच्यामागे त येतोच. इंग्रजीत ऑल्दो एकट्यानेच दोन्ही वाक्यं धरून ठेवतो. मुलांचा बट हा हलगर्जीपणा नव्हता, ते त्यांचं चोख मराठी होतं. बिकॉज लिहून पुढे सो लावतात, तेही असंच. 'म्हणून'शिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि 'अनलेस यू डोन्ट स्टडी' का लिहितात, तेही तेव्हाच उमगलं. 'अभ्यास केला नाहीस तर' मधला 'नाही' त्यांना कुठेतरी ठेवायचा असतो. अनलेसच्या पोटातच 'नाही' असतो, हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

दहावीच्या परीक्षेसाठी वाक्यरूपांतर आम्ही सूत्रासारखं घोटून घेतो. हा शब्द काढा, तो घाला. त्या तासाला ते बाजूला ठेवलं. म्हटलं, घरातली एकच गोष्ट मराठीत तीन तऱ्हांनी सांगा.

शेवटच्या बाकावरचा मुलगा सहसा तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "आमच्याकडं बैल हायेत, पण पप्पा ट्रॅक्टरनं नांगरतात."

झालं संयुक्त वाक्य. दोन्ही बाजू आपापल्या पायांवर उभ्या, मधे पण. इंग्रजीत तिथे बट. 'जरी बैल आहेत, तरी...' हे तिघी-चौघी एकदमच ओरडल्या. ते मिश्र वाक्य, तिथे ऑल्दो, आणि ऑल्दोचं अर्धं वाक्य एकटं सोडलं तर अधांतरी राहतं. तिसरं कुणाला सुचेना. मी केवल वाक्याची व्याख्या सांगायला वळले, तेवढ्यात तोच मुलगा हळूच म्हणाला, "बैल असून बी ट्रॅक्टरनंच."

एकच मुख्य क्रियापद. 'आहेत'चं 'असून' झालं आणि केवल वाक्य तयार! फळ्यावर त्याच्या समोर लिहिलं : इन स्पाइट ऑफ हॅविंग बुलक्स, माय फादर प्लाउज विथ अ ट्रॅक्टर. हॅविंग म्हणजे असून, इन स्पाइट ऑफ म्हणजे त्याचा 'बी'. या जोडीवर मी दरवर्षी दोन तास घालवते. त्या दिवशी दहा मिनिटं पुरली. बाकीचा वेळ पप्पा बैल विकत का नाहीत, यावर गेला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावरची ती मुलगी शिक्षकखोलीच्या दाराशी आली. घरून चिठ्ठीवर एक वाक्य उतरवून आणलं होतं, आत्याच्या जुन्या इंग्रजी बायबलमधलं : दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम. म्हणजे, जरी त्याने मला मारलं, तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवीन. "बाई, इथं 'दो'च्या, म्हणजे जरीच्या, मागं येट आलाय. मग तरी चालतो की!"

1611 सालच्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरातली, बायबलमधल्या ईयोबाच्या तोंडची ओळ. म्हणजे इंग्रजीचाही एक जरी-तरी होता. मी सांगितलं, बट दोन बरोबरीची वाक्यं जोडतो, म्हणून तो ऑल्दोच्या वाक्यात मावत नाही. हा येट जोडत नाही, 'तरीही' म्हणून नुसता जोर देतो, म्हणून चालतो. फक्त आता फारसं कुणी लिहीत नाही. तिने मान हलवली, पण पटलं असं काही दिसलं नाही.

चाचणीत तिने ऑल्दोच्या वाक्यात येट लिहिलाच. मी पूर्ण मार्क दिला आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, 'दहावीच्या पेपरात नको.'