आमची वाटचाल : एकदा हवेत, एकदा पाण्यात

आमचा मूळ धंदा वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा. लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन ओळखणारा भाग, बदलायचा, प्रमाण वजनं ठेवून काटा तपासायचा आणि द्यायचा. घनता मोजण्याकडे वळलो ते ॲल्युमिनियमचं ओतकाम करणाऱ्या एका गिऱ्हाइकामुळे. त्यांच्या कास्टिंगमध्ये आतल्या आत पोकळ्या राहायच्या आणि त्या कळायच्या मशीनवर चढवल्यानंतर, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर. माल न कापता हे कळेल का, असं त्यांनी विचारलं. वजन तर काटा सांगतो; पण अशा वेड्यावाकड्या वस्तूचं आकारमान कसं काढणार?

आर्किमिडीजचा नियम इथे थेट कामाला येतो. बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं तिचं वजन पाण्यात कमी भरतं. एक उदाहरण घ्या. कास्टिंग हवेत २७० ग्रॅम भरलं, पाण्यात १६८. फरक १०२ ग्रॅम. २५ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता दर घनसेंटिमीटरला ०.९९७० ग्रॅम, म्हणून आकारमान १०२.३ घनसेंटिमीटर आणि घनता २.६४. त्याच मिश्रधातूच्या भरीव नमुन्याची घनता २.६८ असेल, तर या मालात सुमारे दीड टक्का पोकळी आहे.

मग आम्ही स्टँड बनवायला घेतला. काट्याच्या ताटलीवर एक चौकट, तिला टांगलेली जाळीची टोपली, आणि पाण्याचं भांडं ठेवायला ताटलीवरून आडवा जाणारा पूल. पूल ताटलीला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर भांड्याचं वजनही काट्यावर येतं. टोपलीची तार बारीकच हवी. जाड तारेभोवती पाण्याचा पृष्ठभाग वर चढतो, तार खाली ओढतो आणि काटा स्थिर होत नाही.

पण खरा कस लागतो तो पाण्याशी. २० अंशाला पाण्याची घनता ०.९९८२, ३० अंशाला ०.९९५७, म्हणून थर्मामीटर आणि तक्ता आम्ही प्रत्येक स्टँडबरोबर देतोच. त्याहून त्रासदायक बुडबुडे. दोन मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा वस्तूला चिकटला, तर आकारमान ०.००४ घनसेंटिमीटरने जास्त दिसतं. मोठ्या कास्टिंगला त्याचं काही नाही, पण एक घनसेंटिमीटरच्या सुट्या भागात ती ०.४ टक्के चूक झाली. उकळून गार केलेलं पाणी, त्यात साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश, एवढ्याने बहुतेक काम होतं. पृष्ठभागावर उघडणारी छिद्रं मात्र वेगळी. त्यांत पाणी शिरलं की ती पोकळी हिशेबातूनच निसटते. असा माल आधी मेणाच्या पातळ थरात बुडवून घ्यावा लागतो आणि मेणाचं आकारमान वजा करावं लागतं.

पुढे शाळांसाठी संच केला. त्यात रीत उलटी आहे: पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा आणि दोऱ्याला बांधलेली वस्तू तळाला न टेकवता पूर्ण बुडवायची. काटा जेवढे ग्रॅम वाढून दाखवेल, जवळपास तेवढे घनसेंटिमीटर आकारमान. दोरा वस्तूचा भार पेलतो, मग आकडा का वाढला? पाणी वस्तूला वर ढकलतं आणि तेवढ्याच बळाने वस्तू पाण्याला खाली दाबते. हे मुलांनी स्वतः ताडलं की मला फार आनंद होतो. बूच किंवा लाकूड तरंगतं, म्हणून त्यासाठी संचात एक जड गोळा दिला आहे. तो आधी एकटा बुडवायचा, मग बुचाला बांधून. वाढलेला फरक बुचाचा.

सोनं पारखायला स्टँड मागणारेही येतात. त्यांना मी आधीच सांगतो, तांबं-चांदीची भेसळ यात उघडी पडते, कारण तांब्याची घनता ८.९६ आणि चांदीची १०.५. टंगस्टनची मात्र १९.२५, सोन्याची १९.३. आत टंगस्टन भरलेलं असेल तर पाण्यातलं वजन ते सांगणार नाही, दुसरी तपासणी करूनच घ्या. विक्री हातची गेली तरी हे सांगितल्याशिवाय आम्ही स्टँड देत नाही.