तुमचं शिम वेगळं कशाला?

शिम म्हणजे संगणक चालू होताना लिनक्सच्या आधी सुरू होणारा छोटा प्रोग्राम. त्याला मायक्रोसॉफ्टची सही मिळण्याआधी परीक्षण होतं, आणि त्यासाठी जो अर्ज भरावा लागतो त्यात एक प्रश्न आहे: तुमचं हे शिम जगातल्या कुठल्याही संगणकावर बूट व्हावं, अशी सही तुम्हाला कशासाठी हवी? त्याच्याच शेजारी दुसरा: आधीच सही मिळालेलं दुसऱ्या डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या संचाचं, शिम तुम्हाला का चालत नाही? बाकी अर्जाची उत्तरं आमच्याकडे होती. या दोन प्रश्नांखाली काय लिहायचं यावरून एका रविवारी रात्री जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

आमची डिस्ट्रो डेबियन या मोठ्या डिस्ट्रोवर बेतलेली. जुन्या लॅपटॉपसाठी, शाळांच्या लॅबसाठी. नोकरी सांभाळून, जेवणं आटोपली की कामाला बसणारी मोजकी माणसं. त्यांत कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सांभाळणारे आमचे सर, सांगलीचे, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. डेबियनच्या कर्नलवर ते स्वतःचे पॅचेस (छोटे बदल) चढवायचे, बांधायचे, घरच्या तीन खटारा यंत्रांवर तपासायचे आणि मगच सोडायचे. पगारी माणसांत मी इतकी शिस्त क्वचित पाहिली आहे.

इतकी वर्षं आम्ही लोकांना बिनदिक्कत सांगायचो, ‘आधी सेक्युअर बूट बंद करा.’ ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी ती संगणकातली सोय. हल्ली ते अंगाशी यायला लागलं. विंडोजशेजारी आमची प्रणाली टाकायला निघालेला माणूस सेक्युअर बूट बंद करतो, आणि पुढच्या वेळी विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती कुठे जपली आहे हे त्याला माहीत नसतं. बिटलॉकर चालू आहे हेच माहीत नसतं. शिव्या आम्हाला. शाळांना देणगीत मिळालेल्या लॅपटॉपची तऱ्हा वेगळी: बायोसला पासवर्ड, आणि तो माहीत असलेला माणूस कधीच कंपनी सोडून गेलेला. तिथे सेक्युअर बूट बंद करायची सोयच नाही.

त्यामुळे सही हवी, यावर एकमत होतं. फर्मवेअरमध्ये, म्हणजे संगणकात आधीपासून असलेल्या मूळ प्रोग्रामात, मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं असतात. मायक्रोसॉफ्टने सही केलेलं शिम आधी सुरू होतं, ते आपल्या पोटातल्या प्रमाणपत्राने ग्रब, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम, तपासतं आणि मग कर्नलची पाळी. कर्नल स्वतःच्या हाताने बांधायचं तर त्यावर सही आपली, आणि ती ओळखणारं शिमही आपलंच. सहीसाठी लागणारं, ओळख कसून तपासून दिलं जाणारं ईव्ही प्रमाणपत्र नोंदणीकृत संस्थेला मिळतं, चार हौशी माणसांना नाही. खासगी चावी हार्डवेअर टोकनमध्ये हवी. संपर्कासाठी दोन माणसं हवीत. त्यांना पीजीपीने कुलूपबंद केलेल्या मेलमध्ये काही शब्द येतात, ते उघडून परत कळवायचे. शिम असं बांधायचं की परीक्षकाने त्याच्या यंत्रावर बांधलं तरी हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, तोच आला पाहिजे. हे शेवटचं नाशिकच्या आमच्या एका मुलीने जमवलं होतं, आणि ते बघण्यासारखं होतं: कंपायलरची आवृत्ती गोठवलेली, सगळं कंटेनरमध्ये (बाकी यंत्रापासून वेगळ्या कप्प्यात), हॅश दर वेळी तोच.

रविवारच्या मीटिंगमध्ये त्या दोन प्रश्नांवर आलो. तीच मुलगी म्हणाली, “सर, आपल्या कर्नलमध्ये वेगळं काय आहे ते एकेक लिहून काढू या का? कारण म्हणून तेच द्यावं लागेल.” हेतू सरळ होता. सरांनी यादी वाचायला घेतली. यूएसबी वायफायच्या रिअलटेक चिप्सचा ड्रायव्हर: तो ६.२पासून मूळ कर्नलमध्येच आहे आणि डेबियन १३चं कर्नल ६.१२. स्वस्त टॅब्लेटच्या टचस्क्रीनची नोंद: सरांनीच मूळ कर्नलकडे पाठवलेली, कधीच स्वीकारलेली. मेमरी दाबून वापरणाऱ्या झेडरॅमची सेटिंग्ज: ती कर्नलबाहेरूनही करता येतात. शेवटी उरलं काय, तर टायमर २५०ऐवजी १००० हर्ट्‌झ.

कुणीच काही बोललं नाही. मग सरच म्हणाले, “म्हणजे कारण नाही. खोटं कारण लिहून सही मागायची नाही. डेबियनचं घ्या.”

मी म्हटलं, “सर, तुम्हाला पटतंय का हे?”

“मला सेक्युअर बूटच कुठे पटतंय? कर्नलसोबत चढणारी ती इनिट्रॅमएफएस फाइल कुणी तपासत नाही. पुढचं दार लावायचं आणि मागचं उघडं. पण तू विचारलंस ते वेगळं. कर्नलचं म्हणशील तर, पटतंय.”

डेबियनमध्ये सेक्युअर बूट २०१९च्या डेबियन १०पासून आहे. त्यांचं शिम, ग्रब आणि कर्नल एका बाइटचाही फरक न करता घेतलं की झालं, असं वाटतं. होत नाही. सही केलेल्या ग्रबच्या आत ‘/EFI/debian’ हा पत्ता कोरलेला आहे. आमचा इन्स्टॉलर फोल्डरला आमचं नाव देतो. ग्रब त्याच्या पत्त्यावर जातो, तिथे काही नाही, आणि काळ्या पडद्यावर नुसतं ‘grub>’. पत्ता बदलावा तर सही मोडते. उपाय म्हणजे डेबियनच्या नावाच्या फोल्डरमध्ये तीन ओळींची फाइल: डिस्क यूयूआयडीवरून (तिच्या ओळखक्रमांकावरून) शोध, प्रीफिक्स (फाइली शोधायचा पत्ता) तिकडे वळव, तिथली खरी सेटिंग्जची फाइल, ग्रब.सीएफजी, वाच. ती फाइल सरांनीच लिहिली, त्याच रात्री. आपलं कर्नल मोडीत काढणारा पॅच त्यांनी एखाद्या नवख्याच्या पॅचसारखा तपासला आणि वर्णनात व्याकरणाची चूक काढून परत पाठवला.

तांत्रिक बाजूने निर्णय बरोबर होता, याबद्दल शंका नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या आता डेबियनकडून आल्या की त्याच दिवशी मिळतात. शिममध्ये भोक सापडलं तर नवी सही मिळवायची धावपळ आमची नाही. मला खुपतं ते एवढंच, की ही यादी करायला बाहेरचा अर्ज लागला. सरांचं कर्नल चांगलं चालत होतं, म्हणून ते हवंच का, हे आम्ही आपसात कधी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर त्यांनी न रागावता हेच उत्तर दिलं असतं, असं आता वाटतं. खात्री मात्र नाही. अर्जाला ‘नाही’ म्हणणं आणि आम्हाला ‘नाही’ म्हणणं त्यांच्यासाठी एकच होतं का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

सरांचं कर्नल आता वेगळ्या रेपोमध्ये (डाउनलोडच्या साठ्यात) आहे, सही त्यांच्या स्वतःच्या चावीची. हवं त्याने मोकयूटिल या आज्ञेने ती चावी आपल्या संगणकात नोंदवायची, रीबूट करायचं आणि निळ्या पडद्यावर दहा सेकंद सरायच्या आत कुठलंही बटण दाबायचं. चुकलं की नोंदणी पुन्हा पहिल्यापासून. किती जण एवढं करतात ते कळायला मार्ग नाही. डाउनलोड मोजायचे नाहीत, हा आमच्याकडचा नियम, आणि त्यासाठी सर्वांत जास्त भांडले होते ते सरच.